चाचीचा गोलंदाज

सन बत्तीसच्या सुमारास माझं लग्न होऊन मी बारामतीहून बावड्याला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत एक कादंबरी होती. माझे वडील बारामतीत शाळामास्तर. वाचनालयाने निकालात काढलेलं, बांधणी सुटलेलं ते पुस्तक त्यांनी सुईदोऱ्याने शिवून मला दिलं होतं. सासरी वाचता येणारी बाई मी एकटीच. चार दिवस सासूबाईंनी मला माडीवर तोंडातल्या तोंडात वाचताना पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "एकटीच काय गिळत्यास? खाली ये. शेंगा फोडता फोडता आमी बी ऐकू."

त्या दिवसापासून दुपारी पडवीत वाचन सुरू झालं. आळीतल्या सात-आठ जणी जमत. त्यांत बांगड्या भरणारी चाची असे. तिच्या नवऱ्याचं पेठेत बांगड्यांचं दुकान होतं आणि ती टोपली घेऊन घरोघर फिरे. वय चाळिशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

कादंबरी तशी त्या काळच्या सगळ्या कादंबऱ्यांसारखीच होती. एक तरुण सरदारपुत्र, एक देखणी राजकन्या, किल्ल्याखालून जाणारं भुयार, चोरीला गेलेला खलिता. दर प्रकरणाच्या शेवटी राजकन्या मूर्च्छित पडे आणि घोड्यांच्या टापा ऐकू येत. बायकांना त्यात अवीट गोडी. किल्ल्यात एक बैरागी शिरला तशी चाची टोपली बाजूला सारून म्हणाली, "ह्यो कसला बैरागी? त्यो सरदाराचा पोरगाच हाय. त्याच्या तळहाताकडं बघा म्हणावं, तलवारीचा घट्टा आसंल." पुढच्या पानावर खरोखरच घट्टा निघाला. सगळ्या जणी हसून लोळल्या.

पण पुस्तकातला प्रत्येक कपटी माणूस मुसलमान होता. एका दुपारी असाच एक नवा सरदार आला. लेखकाने आधी त्याच्या दाढीचं वर्णन केलं, मग क्रूर डोळ्यांचं. मी वाचत होते, तोच चाचीने अगदी शांतपणे विचारलं, "पोरी, वाईट माणूस यायचा म्हणला की त्याच्या आधी त्याची दाढीच येती का गं?"

सासूबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. त्या म्हणाल्या, "लिवणाऱ्याच्या गावात बांगड्यावाल्याचं घर नसंल, भाभी." चाची हसली, पण त्या दिवशी ती लवकर उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली याचंच मला बरं वाटलं. त्या दिवशीच्या प्रकरणात एक ओळ होती, की किल्ल्याच्या पश्चिम बुरुजावर एक वृद्ध मुसलमान गोलंदाज तोफेजवळ बसला होता. तेवढंच. चाची सावरून बसली. "त्याचं काय झालं पुढं?"

पुढे काहीच नव्हतं. मी पान पाहिलं, चाचीचा चेहरा पाहिला आणि ओळींवरून डोळे फिरवत माझंच सांगू लागले. गोलंदाजाने राजकन्येला लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं. शत्रूने मोहरांची थैली पुढे केली, ती त्याने बुरुजावरून खाली भिरकावली. राजकन्येला मूर्च्छा येऊ लागली, तेव्हा तो तिच्यावर ओरडला, "पडायला येळ न्हाय, बत्ती धर!" आणि राजकन्येने बत्ती धरली. बायका टाळ्या पिटायच्या तेवढ्या राहिल्या. सगळ्या गेल्यावर सासूबाई शेंगा भरता भरता म्हणाल्या, "आज पान न उलटता लई वाचलंस." आणि सूप उचलून आत गेल्या.

पंधरवडाभर मी गोलंदाजाला रोज असंच जिवंत ठेवलं. मग चाची एक दिवस मुद्दाम एकटी आली. "मला अक्षरं शिकीव. मालक म्हणतो, आपल्यातला भला माणूस असल्या पुस्तकात नसतोच. मला सोता वाचून दावायचंय त्याला."

ती वाचायला शिकली की माझी लबाडी उघडी पडणार होती. पण नको कसं म्हणणार? फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर मांडून तिने अक्षरं गिरवली. 'ग' हिरव्या काचेचा, काना निळ्या काचेचा. सुगी संपेपर्यंत ती जोडाक्षरांपर्यंत पोचली. मग तिने पुस्तक मांडीवर घेतलं. बोट ठेवून वाचू लागली. गो-लं-दा-ज. ओळ संपली. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं, परत मागे आली.

"बाकीचा कुठं गेला गं?"

"पुस्तकात एवढाच आहे, चाची. पुढचा मी सांगितला."

तिने पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "म्हंजी त्यो तुझ्या मनात व्हता. मग लिवून दे मला."

माझ्या यजमानांनी इंदापूरच्या बाजारातून कागद आणून दिला. "काय लिहायचंय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर दौतही आणली. मी गोलंदाजाची गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिली. चाचीने ती दुकानात बसून नवऱ्याला वाचून दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निरोप पाठवला, "दारू ठासल्याबिगर तोफ उडती व्हय? सूनबाईला म्हणावं, त्येवढं नीट कर." मी ते नीट केलं. मी लिहिलेली ती पहिली गोष्ट.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला बारामतीला गेले. पडवीतलं वाचन बंद पडेल, असं मी धरून चालले होते. चार महिन्यांनी मुलीला घेऊन बैलगाडीतून दारात उतरले, तर आतून खणखणीत आवाज येत होता. चाची माझ्या वडिलांनी पाठवलेली नवी कादंबरी वाचत होती. अडखळत, पण थांबत नव्हती. मला पाहून तिने बोट ओळीवर तसंच दाबून धरलं आणि म्हणाली, "बस पोरी, आवाज करू नगंस. हितं भुयाराचं दार उघडतंय."

मी मुलीला पदराखाली घेतलं आणि सासूबाईंशेजारी जागा करून ऐकायला बसले.