खाप्याची संत्री आणि माझी सात सूत्रं

शेतकऱ्यांनी एकत्र कसं यावं हे शिकवायला मी पुण्याहून निघालो, तेव्हा माझ्या सोसायटीत मला ओळखणारी दोनच माणसं होती. त्यांतल्या शेजारच्या गृहस्थांशी पार्किंगवरून अबोला होता. तरीही माझ्या बॅगेत ‘सहकाराची सात सूत्रं’ होती आणि ती भिंतीवर दाखवायचा प्रोजेक्टरही.

सकाळी नागपूरला उतरलो. धरमपेठेत पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) घेतली. तिखट चालेल का, असं दुकानदारानं विचारलं, तर मी रुबाबात मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं आणि पांढऱ्या शर्टावर तर्री सांडली. तोच शर्ट घालून खाप्याची बस धरली.

खाप्याजवळच्या ज्या गावात माझं व्याख्यान होतं, तिथल्या समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर मी एकटाच. तासाभरानं कळलं, सगळे वच्छलाबाईंच्या बगीच्यात गेलेत. त्यांच्या यजमानांचा पाय मोडल्यानं संत्र्यांची तोडणी खोळंबली होती. गावातल्या नऊ घरांनी पहिल्यांदाच मिळून परगावच्या व्यापाऱ्याला माल द्यायचं ठरवलं होतं. गाडी चारला सुटणार होती. ती चुकली, तर वच्छलाबाईंची फळं झाडाखाली गळून पडणार होती.

मला राग आला. निदान पाहुण्यासाठी तरी थांबायचं, असं खरंच वाटलं. शेवटी मीच बगीचा गाठला आणि कुणी न सांगता तोडायला लागलो. स्वतःच्या वेगावर खूश होऊन भरलेलं कॅरेट मोठ्या ढिगात ओतूनही आलो. दुसरं भरत होतो, तेव्हा वच्छलाबाई जवळ आल्या. माझ्या कॅरेटमधलं एक संत्रं उचलून त्यांनी देठाकडची फाटलेली साल दाखवली.

“काहून (का) ओढता गा भाऊ? कात्रीनं देठ कापा लागते. हे सडते, अन् बाजूच्याले सडवते. सगळ्यायचा माल एकाच नावानं चालला ना.”

मग नऊ घरांची माणसं ढिगाभोवती बसली आणि एकेक फळ उलटून पाहू लागली. मीही मान खाली घालून त्यांच्यात बसलो. चार वाजले. एकानं ड्रायव्हरला चहा पाजला, दुसऱ्यानं त्याच्या गावची ओळख काढली, तिसऱ्यानं टायर तपासायला लावले. पावणेपाचला वच्छलाबाईंचं शेवटचं कॅरेट गाडीत चढलं. सूत्रं बॅगेतच राहिली.

निघताना वच्छलाबाईंनी माझ्या हातची फाटकी संत्री पिशवीत भरून दिली, वर एक कात्री ठेवली.

“पुढच्या खेपेले सांगाले नका येऊ. तोडाले या.”

पुण्यात पोचलो तोवर त्यांचा निरोप आला होता: माल पोचला, एकही फळ खराब निघालं नाही. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच भाषणानं दिला नव्हता. फाटक्या सालीची फळं मात्र टिकत नाहीत आणि मला एकट्याला ती संपणारी नव्हती. म्हणून शेजारचं दार वाजवलं. त्या गृहस्थांनी ते उघडलं, पण काय बोलावं ते सातांपैकी एकाही सूत्रात नव्हतं. मी पिशवी पुढे केली.