कोंबड्यांसाठी सूचना

नोकरीत असताना त्यांना सगळे परिपत्रकराव म्हणत. तेही तोंडावर, आणि त्यांना त्यात कौतुकच वाटे. पाणीपुरवठा कचेरीत ते हेडक्लार्क होते. नळाला पाणी येवो न येवो, परिपत्रक वेळेवर निघायचं. टाचणी कुठल्या कोपऱ्यात टोचावी, शिंक आली तर फाईल आधी मिटावी की नंतर, सगळ्यावर त्यांनी कलमं पाडली होती. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी खोड काही गेली नाही. एके दिवशी सुनेला गॅसमागच्या भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला, 'दूध उतू जाऊ नये म्हणून घ्यावयाची खबरदारी'. ती म्हणाली, "बाबा, आजपासून दूध तुम्हीच तापवा." त्यांनी तीनदा तापवलं, तिन्ही वेळा उतू गेलं. कागद अजून तिथेच आहे.

असे हे परिपत्रकराव यंदा अगदी हवेत होते. निवृत्त कर्मचारी संघाने रविवारी त्यांचा सत्कार ठरवला होता, आणि त्याच दिवशी त्यांची पुस्तिका निघणार होती: 'टंचाईच्या काळातील कुक्कुटपालन – एक मार्गदर्शन'. आता परिपत्रकरावांनी आयुष्यात कोंबडी म्हणून हातात धरलेली नव्हती. एकदा धरायला गेले तर कोंबडीच त्यांच्या मागे लागली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी, टंचाईच्या त्या तीन वर्षांत, गावी आई आणि धाकटी बहीण तगल्या त्या आपल्या पत्रांमुळे, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. थापा नव्हेत हं. मनापासून सांगत.

त्या दिवसांत खिशात पगार असायचा, पण दुकानात माल नसायचा. नोट पुढे केली की दुकानदार हसायचा. वस्तू हवी तर वस्तू द्या, असा सगळा मामला. धाकटीने परसात बारा कोंबड्या पाळल्या आणि अंड्यांवर घर चालवलं. तीन अंड्यांना रॉकेलची बाटली, दोन अंड्यांना चपलेचा तळ. आईची दाढ काढायला दाताच्या डॉक्टरांनी सहा अंडी मागितली, आणि भूल हवी असेल तर आणखी दोन. आई म्हणाली, भूल राहू दे, दोन अंडी वाचतील. हे सगळं धाकटी पत्रातून दादाला कळवी, आणि दादा शहरात बसून मार्गदर्शन करी.

तिची ती पत्रं परिपत्रकरावांनी जपून ठेवली होती. प्रत्येकावर आवकचा शिक्का, सगळी क्रमाने फाईलला लावलेली. काही ओळींखाली लाल पेन्सिलीच्या रेघाही होत्या. 'दादा, तुझी पत्रं फार उपयोगी पडतात, आणखी पाठव.' 'या वेळी दोनच पानं आली, पुरली नाहीत. जरा सविस्तर लिहीत जा.' 'कचेरीचा तो जाड कागद असतो ना, त्यावरच लिही, आणि एकाच बाजूला लिही, म्हणजे बरं पडतं.' इतकी लेखी पावती हातात असल्यावर माणूस का नाही फुशारणार?

अडचण एवढीच, की त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रं धाकटीकडे होती. संघाचे चिटणीस रोज फोन करायचे, "साहेब, तुमच्या पत्रांसाठी आठ पानं सोडलीत, छापखाना खोळंबलाय." शेवटी शुक्रवारी सकाळी पहिली बस पकडून परिपत्रकराव धाकटीच्या दारात हजर झाले.

धाकटी आता सत्तरीची. स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"अगंबाई, दादा! कळवायचं तरी. का कळवलंयस आणि पत्र वाटेत आहे?"

"चेष्टा पुरे. माझी पत्रं काढ."

"कुठली पत्रं?"

"कोंबड्यांची! टंचाईतली! सत्तेचाळीस आहेत. माझ्याकडे जावक नोंद आहे."

धाकटीने हातातली शेंग ताटात टाकली. "दादा, आधी चहा घे."

"चहा नंतर. पत्रं आहेत ना?"

"ती संपली रे."

"पत्रं कशी संपतील?"

"अंडी गुंडाळण्यात संपली," धाकटी म्हणाली. "गावात तेव्हा कागदाचा कपटा मिळत नव्हता. उघडी अंडी नेली तर निम्मी वाटेतच फुटायची, आणि फुटक्या अंड्याला रॉकेलवाला काय देणार, कपाळ? तुझा कागद कसा दणदणीत. एका पानात चार अंडी आरामात बसायची. म्हणून तर लिहायचे तुला, सविस्तर लिही."

परिपत्रकराव मटकन खुर्चीत बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"आणि एका बाजूला लिही, ते?"

"अरे, शाई लागायची अंड्यांना. चपलावाल्या काकांकडे गेलेल्या एका अंड्यावर 'तात्काळ अंमलबजावणी' असं उलटं उमटलं होतं. ते म्हणाले, हे सरकारी अंडं दिसतंय, मला लफडं नको."

"म्हणजे एकही सूचना पाळली नाहीस?"

"कुठली पाळायची होती? खुडूक बसलेल्या कोंबडीला लेखी समज द्यावी, ही? का अंडी देण्याची वेळ दहा ते पाच ठेवावी, ही? मी एकदा तांबडीला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवली. आई इतकी हसली, इतकी हसली! कित्येक महिन्यांनी हसली होती बघ."

"आणि कागद जिकडे जायचे, तिकडचे लोक?"

"सगळं गाव वाचायचं. दुसरं वाचायला होतं काय? दाताचे डॉक्टर तर हटून बसायचे, मागच्या वेळी कलम सहावर तुटलं, मला पुढचंच पान हवं."

परिपत्रकरावांना आठवलं, टंचाई सरल्यावर ते गावी आले तेव्हा माणसं रस्ता ओलांडून भेटायला येत होती, न्हाव्याने तर दाढीचे पैसेही घेतले नव्हते. तो सगळा त्यांनी मान समजून पदरात घेतला होता. आता त्यांचे कान लाल झाले.

"एकही उरलं नाही?" त्यांनी विचारलं. "धाकटे, रविवारी आठ पानं कोरी जातील गं. मी सगळ्यांना सांगून बसलोय, घर मी तारलं म्हणून. आता काय तोंड दाखवू?"

धाकटीने मटारचं ताट बाजूला सारलं. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आली. "हे एक आहे. पण छापायला मिळणार नाही. वाच आणि परत दे."

अक्षर त्यांचंच होतं. पण संदर्भ नाही, विषय नाही, कलम नाही.

'धाकटे, आज सूचना नाहीत. चार दिवस नुसत्या पाण्यावर काढलेत. इथे पगार मिळतो, पण बदल्यात द्यायला माझ्याकडे वस्तू नाही. कुणाला सांगायची लाज वाटते. काही पाठवता आलं तर पाठव. आईला कळू देऊ नकोस.'

जावक नोंदीत हे पत्र नव्हतं. परिपत्रकराव ते विसरले होते असं म्हणता येणार नाही. नोंद केली नाही म्हणजे घडलंच नाही, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

"हे बरं ठेवलंस," ते कसेबसे म्हणाले. "कागद तर हाही जाडच आहे."

"आईला कळू देऊ नकोस म्हणाला होतास ना. अंड्यांबरोबर गेलं असतं तर गावभर झालं असतं."

परिपत्रकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तरी अक्षरं दिसेनात.

"काय पाठवलं होतंस तेव्हा?"

"सोळा उकडलेली अंडी. डबा तुझ्यापर्यंत न्यायला ट्रकवाला फुकट तयार होईना, मग त्याला तांबडी दिली."

"आणि मी काय लिहिलं उलट टपाली?"

धाकटी हसायला लागली. "पाच पानं! डबा कसा भरावा यावर! दोन अंडी तडकलेली निघाली म्हणून माझ्याकडून खुलासा मागवला होतास. ते वाचून मी घळाघळा रडले."

"रागाने?"

"छे रे! म्हटलं, सूचना सुरू झाल्या. म्हणजे दादाच्या पोटात अन्न गेलं."

परिपत्रकराव रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि धाकटीने त्यांच्या पुढ्यात चहा ठेवून पत्र हळूच काढून घेतलं. "निदान व्यासपीठावर वाचून दाखवू दे," ते म्हणाले. "नाही," धाकटी म्हणाली, "ते मला लिहिलेलं आहे."

रविवारी सभागृह भरलं होतं. परिपत्रकरावांना ओळखणारे घरून पोटभर खाऊन आले होते, कारण त्यांचं भाषण दीड तासाच्या आत कधी आटोपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पुष्पगुच्छ झाला, टाळ्या झाल्या. ते माइकपुढे उभे राहिले. हातात कागद नव्हता.

"टंचाईत आमचं घर माझ्या धाकट्या बहिणीने कोंबड्या पाळून चालवलं," ते म्हणाले. "मी शहरात उपाशी होतो. तिने मलाही जगवलं."

आणि ते खाली बसले.

चिटणीस घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले. "साहेब, काय होतंय? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," परिपत्रकराव म्हणाले.