पाटल्या आणि पहिला अंक

जुन्या परदेशी कागदाला एक वास असतो. धड गोड नाही, धड कुबट नाही. लग्नातला शालू वर्षानुवर्षांनी पेटीतून बाहेर काढावा तेव्हा जो मंद, मिटलेला दरवळ उठतो, त्याच्या जवळपास जाणारा. वैशाखातल्या रणरणत्या दुपारी, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या साऱ्या गच्च्या तापून निघालेल्या असताना, मी मागच्या खोलीच्या खिडक्या लावून बसत असे आणि कपाटाचं दार किलकिलं करून तो वास घेत असे. पलीकडच्या खोलीत कूलर घरघरत असायचा, वाळ्याचा ओला गारवा घरभर पसरायचा. या खोलीला मात्र त्या गारव्याची बंदी होती. दमटपणा हा कागदाचा हाडवैरी! माणसांनी घामाघूम व्हावं पण कागद कोरडा राहावा, असा आमच्या घरचा न्याय होता आणि तो मीच लागू केला होता.

तुम्ही विचाराल, असा कोणता ग्रंथराज त्या कपाटात विसावला आहे? सांगताना संकोच होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारा, केस पिकू लागलेला गृहस्थ. आणि माझ्या कपाटात आहे एक कॉमिक. इंग्रजी, पातळसं, परदेशातल्या मुलांनी कधीकाळी खाऊच्या पैशांत घेतलेलं. एक फारसा कुणाला ठाऊक नसलेला महाबली त्या अंकात प्रथमच अवतरतो. या महाबलीवर आता मोठा चित्रपट निघणार, अशी वार्ता आहे. या व्यवहाराचं शास्त्र सोपं आहे. चित्रपटाची हूल उठली की पहिल्या अंकाचा भाव चढू लागतो, वीर पडद्यावर येईपर्यंत चढत राहतो, आणि तो एकदा आला की लोकांचं कुतूहल ओसरतं, त्याबरोबर भावही. तेव्हा विकायचं ते आधी. आणि अंक हवा निष्कलंक. मुखपृष्ठावर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. म्हणून तो पारदर्शक वेष्टनात, पाठीला पुठ्ठा लावून, एखाद्या रुग्णासारखा उताणा पडून असतो.

तो आला कशाच्या बदल्यात? माझी पत्नी वैशाली हिच्या पाटल्यांच्या. लग्नात माझ्या आईने स्वतःच्या हातातून काढून तिच्या हातात घातलेल्या पाटल्या. ज्या जळगावात लोक दुरून सोनं घ्यायला येतात, त्या जळगावात राहून मी सोनं मोडून कागद घेतला! वैशालीने खळखळ केली नाही. तिने माझ्या डोळ्यांतली चमक पाहिली, हसून म्हणाली की अंक विकला की पहिलं काम पाटल्यांचं, आणि हातात काचेच्या बांगड्या चढवल्या. आईला सांगितलं, पाटल्या बँकेत लॉकरला ठेवल्या आहेत. आईने मान हलवली. त्या मान हलवण्याची मला जितकी भीती वाटली, तितकी तिच्या रागावण्याची वाटली नसती.

भाव येईपर्यंत थांबायचं, हे खरं तर आमच्या रक्तातच आहे. आईचं माहेर शिंदखेड्याकडचं. लहानपणी दिवाळीनंतर आजोळी जावं तर ओटीवरची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असे. बाजारात भाव नाही म्हणून मामा कापूस घरातच ठेवायचे. आम्ही भावंडं त्या शुभ्र ढिगावर लोळायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. आजी ओरडायची, मामी कुरकुरायची, पाहुण्यांना बसायला जागा नसायची. मामा मात्र शांतपणे म्हणायचे, थांबा, भाव येईल. कधी यायचा, कधी यायचा नाही. पण कापूस निदान त्यांच्या शेतातला होता, त्याचा बाजार त्यांच्या पायाखालचा होता. माझ्या बाजाराचं काय? सातासमुद्रापार कुणी दिग्दर्शक शिंकला की पिंप्राळ्यात मला ताप भरतो!

आणि तो शिंकतच राहिला. आधी नायक बदलला. मग चित्रपट पुढे ढकलला गेला. मग कुणीतरी लिहिलं की तो निघणारच नाही, आणि दुसऱ्याने लिहिलं की निघणार, पण त्यात आमचा महाबली घटकाभरच दिसणार. शिक्षकांच्या खोलीत मी मोबाइल पाहत असे, तेव्हा सहकाऱ्यांना वाटे की घरी कुणी आजारी आहे. वर्गात वीररस शिकवताना माझी जीभ अडखळे. सुखासाठी माणूस एखादी वस्तू घरी आणतो आणि मग त्या वस्तूचा पहारेकरी होऊन बसतो, हे सुभाषित मी किती वर्षं मुलांना वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं असेल! आपला जीव टांगणीला लागला की कुठलंच सुभाषित उपयोगी पडत नाही. कसर लागेल का, पाल शिरेल का, चोर येईल का, अशा शंकांनी मी कपाट उघडायचो आणि उघडल्याने हवा लागेल म्हणून घाईने मिटायचो. आपण कशाला या फंदात पडलो, असं रोज वाटायचं.

अखेर पुण्याच्या एका संग्राहकाने रस दाखवला. अंकाची छायाचित्रं पाहून तो खूश झाला. पण दिवाळीआधी त्याला सवड नव्हती. भाऊबीज झाली की येतो म्हणाला. माझा सारा खटाटोप दिवाळीआधी पाटल्या पुन्हा घडवून आणण्यासाठी होता. का, ते सांगतो. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घरातलं सोनं चौरंगावर मांडतात, आणि आई प्रत्येक डागाला, म्हणजे दागिन्याला, स्वतःच्या बोटाने हळदकुंकू लावते. वर्षातून एकदा पाटल्या पुन्हा तिच्या हातात येतात, म्हणा ना. यंदा बँकेला सुटी लागली, लॉकर उघडायचं राहून गेलं, असं सांगायचं मी आणि वैशालीने ठरवलं. दोघांनी ते वाक्य स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणूनही पाहिलं.

पूजेच्या संध्याकाळी मी दारात पणत्या लावत होतो, वैशाली रांगोळीत रंग भरत होती. आईने आतून हाक मारली. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर होती, धने होते, केरसुणी होती, वैशालीचं मंगळसूत्र होतं. आणि पाटल्यांच्या जागी, लाल कापडावर, माझा महाबली उताणा पडला होता. वेष्टन काढून, घडी घालून बाजूला ठेवलेलं. प्लास्टिकवरून का कुणी पूजा करतं? मुखपृष्ठावर, त्याच्या उगारलेल्या मुठीच्या वर, हळदीचं एक बोट आणि ओल्या कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. त्यावर अक्षता चिकटल्या होत्या. कुंकू कागदात हळूहळू पसरत होतं आणि मी ते पसरताना पाहत होतो.

पाठवलेली छायाचित्रं, पुण्याचा माणूस, उन्हाळाभर सोसलेला उकाडा, सगळं त्या दोन बोटांखाली गेलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, निरांजनाची वात सारखी करत होती.

“सोनं जठे गयं, तठेच कुंकू लावनं पडस ना रे भाऊ,” ती माहेरच्या बोलीत म्हणाली. सोनं जिथे गेलं, तिथेच कुंकू लावायला हवं.

तिला सारं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे! ज्या हातांत तिने स्वतः पाटल्या घातल्या, त्या हातांत काचेच्या बांगड्या आणि कपाटापाशी माझा रोजचा पहारा पाहून तिला काय कळायचं राहिलं असेल? तरी महिनोन्‌महिने तिने विचारलं नाही, टोमणा मारला नाही; माझा उकाडा तिने माझ्याबरोबर सोसला. मग माझ्याकडे वळून, आपण मोठं काम उरकलं अशा समाधानाने, तिने विचारलं, “आते भाव ई ना?” आता तरी भाव येईल ना, एवढंच तिला हवं होतं.

“ई,” मी म्हणालो.

तिने हात जोडले. दारात आलेल्या वैशालीने सगळं पाहिलं. आईशेजारी बसून तिनेही हात जोडले. मीही जोडले. पूजा नीट पार पडली.

भाऊबीज काल झाली. पुण्याहून पाहुणा येतोय म्हणून आई सकाळपासून स्वयंपाकघरात आहे. खापरावरचे मांडे ती स्वतः करणार आहे आणि त्याला समोर बसवून वाढणार आहे. त्याला येऊ नका म्हणावं, तर आई कारण विचारेल. चित्रपट निघो की न निघो, माझी त्याबद्दलची काळजी कुठल्या कुठे गेली. आता भीती आहे ती एवढीच, की तो माणूस अंक हातात घेईल आणि आईच्या देखत तिच्या कुंकवाला डाग म्हणेल.