क्लेटसमामाने उच्चारलेली दिशा

माझा मामा क्लेटस उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या एका बेटावर जन्मला. बेटावरची शाळा बंद झाली आणि सगळी वस्ती किनाऱ्यावरच्या नोम गावी येऊन राहिली, तेव्हा त्याला मिसरूडही फुटले नव्हते. मोठेपणी सोने उपसणाऱ्या अवाढव्य लोखंडी यंत्रावर तेल घालण्याचे काम त्याने केले. पुढे कंपनी गुंडाळली गेली, यंत्र आपणच खणलेल्या डबक्यात गंजत उभे राहिले, आणि मामा वरची खोली पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. हिवाळ्यात मात्र तो समुद्राचा माणूस असे. किनाऱ्याला धरून गोठलेल्या बर्फात भोके पाडायची, दोराने पिंजरे सोडायचे आणि खेकडे काढायचे, हे त्याचे खरे आयुष्य.

त्याच्या घरात एक नियम होता. बर्फावर निघालेल्या माणसाने कुठे जातो ते सांगायचे नाही, कारण समुद्र ऐकत असतो. ‘जरा बघून येतो’ एवढेच म्हणायचे. मामाच्या धाकट्या भावाने एका वसंतात, आपण वॉलरस कुठून आणि किती मारून आणणार, हे भर दुकानात ऐकवले होते. तो आणि त्याची कुत्री परत आली नाहीत. मामा त्याबद्दल कधी बोलला नाही. हे मला विनिफ्रेडमामीने सांगितले, तेही स्वयंपाकघराचे दार लावून.

त्या मार्चमध्ये मी अँकरेजहून आठवडाभरासाठी आलो, तेव्हा वरच्या खोलीत ग्रेडी नावाचा ओरेगॉनचा तरुण उतरला होता. त्याच्या पणजोबांनी इथल्या किनाऱ्याची वाळू धुऊन सोने काढले होते. पणतू आता बर्फाला भोक पाडून, अंगात गरम पाण्याच्या नळ्यांचा पोशाख घालून, बुड्या मारत समुद्राचा तळ उपसत होता. स्वभावाने मोकळा, आणि आवाज मोठा. रोज सकाळी तो जिन्यावरूनच आपला बेत जाहीर करी.

“आज पूर्वेला, नदीच्या तोंडापाशी. संध्याकाळी मुठीएवढा खडा आणतो बघा.”

“अजून मोठ्याने सांग,” मामा कडक बिस्किटावर लोणी फासत म्हणाला. “समुद्र म्हातारा झालाय. त्याला कमी ऐकू येतं.”

“तुमचा यावर खरंच विश्वास आहे, क्लेटस?”

“माझा कशावरच नाही. पण पणजोबाने वरची वाळू धुतली, तू खालची धुतोयस. एवढं बडबडलास तर तुझ्या पोरांना धुवायला इथे यावं लागेल, तुला शोधत.”

मामी हसली नाही. तिने ग्रेडीच्या ताटातली उरलेली वाळकी मासळी परत डब्यात ठेवली.

रविवारी सकाळी ग्रेडी हळूच खाली आला. मामाकडे पाहून त्याने टोपी कानांवर ओढली आणि म्हणाला, “जरा बघून येतो.”

मामीने देवाला हात जोडले. “बघा. शिकला एकदाचा.” तिने कौतुकाने सुक्या मासळीची पुडी त्याच्या खिशात कोंबली. मामासुद्धा गालात हसला. आम्ही चर्चला गेलो.

चर्चमधून बाहेर पडलो तेव्हा वारा फिरला होता. उत्तरेचा, बर्फाला जमिनीपासून समुद्राकडे ढकलणारा. मामा पायरीवरच थांबला. धुराड्यांचे धूर सगळे एकाच दिशेला आडवे झाले होते.

“पाहुणा कुठे आहे?” त्याने मामीला विचारले.

मामी तशीच घराकडे पळाली.

आम्ही किनाऱ्यावर उतरलो. आमच्या घरातला माणूस बर्फावर पाय ठेवतो तिथे वाहून आलेल्या लाकडाची काठी रोवतो आणि जायच्या दिशेला ती कलती ठेवतो. परत आला की उपटतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. लहानपणी मोठ्यांच्या मागे चालता चालता ते अंगवळणी पडते. मामा किनाऱ्याने पुढपर्यंत जाऊन आला. काठी नव्हती. ग्रेडीला आम्ही गप्प राहायला शिकवले होते, आणि नियमाचा उरलेला अर्धा भाग सांगायचा असतो हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. बर्फगाडीच्या खुणाही उडत्या हिमाने पुसून टाकल्या होत्या.

मदत पथकाचे लोक जमले आणि पूर्वेला गेले, कारण आठवडाभर सगळ्या गावाने तेच ऐकले होते. मामी मागून धापा टाकत आली.

“क्लेटस, सकाळी त्याने तळ उपसायची लांब नळी नेली. नेहमीची घरात पडलीय.”

लांब नळी म्हणजे खोल पाणी, आणि खोल पाणी पश्चिमेला. मामाने मला बर्फगाडीवर मागे बसवले. वाटेत तो एकदाही वळून बघेना. मधेच उतरून भाल्याने बर्फ ठोके, कान देई, पुन्हा निघे.

मग बर्फ संपला. पुढे काळे पाणी होते, वाफाळणारे, आणि नदीइतके रुंद. पलीकडे, तुटून निघालेल्या बर्फावर, ग्रेडीने बुडीच्या भोकावर उभारलेली नारिंगी झोपडी होती. तिच्या धुराड्यातून निवांत धूर येत होता. आत इंजिन घरघरत होते, त्यामुळे हाका पोहोचत नव्हत्या. मामाने बंदुकीचा बार काढला.

दार उघडले. ग्रेडी बाहेर आला, आम्हाला ओळखून त्याने दोन्ही हात उंच करून हलवले. मग त्याची नजर खाली पाण्यावर गेली आणि हात तसेच वर राहिले.

“काठावर येऊ नकोस,” मामा ओरडला. “आत बस. शेगडी विझू देऊ नकोस.”

ग्रेडी काहीतरी बोलला. वारा आमच्या पाठीवर होता. त्याचे शब्द पोहोचले नाहीत. झोपडी बघता बघता लहान होत गेली.

मामाने कळवल्यावर पथकाच्या माणसाने वायरलेसवर विचारले, “विमान उद्या उजाडल्यावर निघेल. शोधायचं कुठे? एवढा समुद्र पडलाय.”

मामाने वायरलेस हातात घेतला आणि काळ्या पाण्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलत होते. मी म्हणालो, “मामा, सांग ना.”

“तू गप्प बस, शहरवाल्या.”

मग तो बोलला. आधी प्रवाह कुठे नेईल, पश्चिमेच्या बेटाला कोणत्या बाजूने वळसा पडेल, सकाळी झोपडी कुठे असेल, सगळे. एकेक ठिकाण नाव घेऊन, स्पष्ट, त्या उघड्या पाण्याच्या काठावर उभे राहून. त्याच्या भावाला घेऊन गेलेला बर्फ कुठून कुठे गेला असेल, हे तो इतकी वर्षे मनात मोजत आला असावा.

दुसऱ्या दिवशी ग्रेडी सापडला. पायाची बोटे काळी पडली होती, पण जिवंत. दवाखान्यातून सुटून तो थेट आमच्याकडे आला आणि मामाचा हात सोडेना.

“वैमानिक म्हणाला, तुम्ही सांगितलंत तिथेच मी होतो, क्लेटस. अगदी तिथेच.”

मामाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्याने हात सोडवून घेतला. “ऐकलं म्हणजे,” तो म्हणाला.

“कोणी?” ग्रेडीने विचारले. मामीने त्याला कॉफीचा पेला दिला आणि दुसरा विषय काढला.

दुपारी मामाने मला चाकू दिला. त्याचे पिंजरे अजून समुद्रात होते, हंगाम भरात होता आणि घराला त्या खेकड्यांची गरज होती.

“वर काढू नकोस,” तो म्हणाला. “दोर काप. ज्याने ऐकलं, त्याचं त्याला देऊन टाक.”

मी मामीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. मी बर्फावर गेलो, एकेका भोकापाशी गुडघ्यावर बसून दोर कापत गेलो. प्रत्येक दोर क्षणभर पाण्यावर तरंगे, आणि मग खालून कोणी ओढल्यासारखा सरळ होऊन आत जाई.