तोंडाने सांगा

वुर्यानीची आणि माझी ओळख झाली ती मालिशच्या खाटेवर. मी पालथी पडले होते आणि ती माझी मान रगडत होती. इंडोनेशियातल्या आमच्या योग्याकार्तात एखाद्याचे डोळे गेले की पुढचं सगळं जग ठरवून टाकतं, त्याला मालिश शिकवायची. हिचे एकोणिसाव्या वर्षी तापात गेले आणि पुढची सहा वर्षं तिने लोकांच्या पाठी रगडल्या.

"मान नुसती दगड झालीये. करतेस काय दिवसभर?"

"प्रोग्राम लिहिते."

"मला शिकव."

मी विषय बदलला. आठवड्याने बाई काठी टेकत माझ्या दारात हजर. चिकाटी म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज ती इतक्या वेगाने ऐकायची की मला नुसती गुणगुण ऐकू यायची.

शिकली ती लोंतार. आमच्या पाक सुवांदींनी घडवलेली ही प्रोग्रामची भाषा. पाक म्हणजे आमच्याकडचं 'सर'. ते कॉलेजातून निवृत्त झालेले, गावातले निम्मे प्रोग्रामवाले त्यांचेच विद्यार्थी. लोंतारमधले शब्द आमच्या बोलण्यातले आहेत. कामाचा एक तुकडा संपला की 'तुतुप' लिहायचं, म्हणजे बंद. तुकड्यात तुकडा असेल तर प्रत्येकाचा तुतुप वेगळा. वुर्यानीला तो कानात ऐकू यायचा, म्हणून आपण कुठे आहोत ते कळायचं. त्या जोरावर तिला एका दवाखान्यात नोकरी लागली. रुग्णांच्या नंबरांचा तिथला सगळा कारभार तीच सांभाळते.

गेल्या वर्षी पाकनी प्रयोग म्हणून नवी आवृत्ती काढली. तुतुप हद्दपार! तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते ओळीआधी सोडलेल्या कोऱ्या जागेवरून ओळखायचं. चार महिने वापरून बघा, मग ठरवू, असं त्यांनी लिहिलं.

पाक कधी फिरकत नाहीत त्या आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर नुसता शिमगा झाला. तीनशेच्या वर उत्तरं. 'म्हाताऱ्याला रिकामपणचे उद्योग' इथपर्यंत मजल गेली. तिथे सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली, त्यामुळे जिभेला हाड नाही. ते म्हाताऱ्याचं वाक्य माझंच होतं. लाज वाटते, पण आहे ते आहे.

वुर्यानीने मात्र एक अक्षर लिहिलं नाही. ती चार महिने रोज नव्या आवृत्तीत काम करत राहिली. कोऱ्या जागेला आवाज नसतो. ती मोजून सांग असं यंत्राला बजावलं, तर प्रत्येक ओळीआधी 'चार', 'आठ', 'बारा' सुरू झालं आणि त्या आकड्यांत अर्थ बुडून जायला लागला. मग तिने लहानपणीचा दाकोनचा पाट काढला, तो खड्डे आणि कवड्यांचा खेळ. तुकड्याच्या आत शिरलं की कवडी पुढच्या खड्ड्यात, बाहेर आलं की मागे. डावा हात पाटावर, उजवा कळफलकावर. तरी एका सकाळी चाळीस रुग्णांचे नंबर उलटसुलट झाले. दवाखान्याच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, "नवी आवृत्ती पक्की झाली की सगळे तीच वापरणार. तुला झेपत नसेल तर आमच्याकडे मालिशची खोली आहेच."

"परत तेल लावायला जाणार नाही," ती मला म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता.

ठरवायची बैठक रविवारी सकाळी पाकच्या ओसरीवर होती. चटई, चहा, तळलेलं तेम्पे. आमच्यात मतं मोजत नाहीत, सगळे राजी झाले की झालं. आणि मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणारा आमच्यात अजून जन्मायचा होता.

"चार महिने झाले. कुणाची हरकत?" पाकनी विचारलं.

आम्ही अठराजण. अठराही तोंडांत मिठाची गुळणी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते आमचं ठेवणीतलं हसू, सर्वांत मोठं माझ्या.

"मग सगळे राजी," पाक खुशीत म्हणाले.

"कोण राजी?" वुर्यानीने विचारलं. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"अगं, सगळे हसतायत की."

"ते मला दिसत नाही, पाक. एकेकाने तोंडाने सांगा. निंग, तू माझ्या शेजारी आहेस, तुझ्यापासून."

निंग म्हणजे मी. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी वडीलधाऱ्याला कधी नकार दिला नव्हता.

"मला... नकोय, पाक. तुतुप राहू दे."

मग पलीकडच्याने खाकरून "मलाही नको" म्हटलं. मग तिसऱ्याने. बँकेत काम करणारा गिलांग म्हणाला, "मला आवडलंय बुवा. खरंच आवडलंय. पान कसं मोकळं वाटतं."

"छान. हे तरी खरं बोललास," वुर्यानी म्हणाली. अठरांपैकी चौदा नकार निघाले.

पाकचा चेहरा पडला. "चार महिने मी समजत होतो, तुम्हाला आवडलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करू, ज्याला हवा त्याने तुतुप लिहावा, नको त्याने सोडावा."

"मला दुसऱ्यांनी लिहिलेलंच दिवसभर ऐकावं लागतं, पाक. त्यांनी सोडला तर मी अडले."

"बरं, बघू या. विचार करू."

आमच्याकडे 'विचार करू' म्हटलं की लोक चपला शोधायला लागतात. दोघं उठलेसुद्धा.

वुर्यानी उठली नाही. "तुम्ही माझे गुरू आहात. तुम्ही 'तुतुप काढणार' म्हणालात तर मी उद्या राजीनामा देईन आणि दुसरी भाषा शिकेन, पहिल्या अक्षरापासून. पण तेही तोंडाने सांगा. काढणार की ठेवणार?"

उठलेले दोघं परत बसले. पाकनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. एवढ्या माणसांसमोर त्यांच्याकडून असं उत्तर कुणी कधी मागितलं नव्हतं.

"ठेवणार," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "तुतुप राहणार. सगळ्यांना लिहावाच लागेल."

वुर्यानीने मान लववली आणि घडीची काठी उघडली. "मग येते मी. उद्या कामावर लवकर जायचंय."