शहाळं आणि पेशीचं दार

गेली बावीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आहे, आणि पेशीपटलाचा धडा मी दुसऱ्या कुणालाही शिकवू देत नाही. स्टाफरूममधले चिडवतात, 'ते बाईंचं देवघर आहे.' असू दे. हात जोडावेत असंच आहे ते. प्रत्येक पेशीभोवती एक पटल, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून धड दिसणारही नाही इतकं पातळ. आत पोटॅशियम ठासून भरलेलं, बाहेर सोडियम, आणि दोघंही सारखी जागा बदलायला टपलेली. पटलातले इवलेसे पंप अखंड तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत ओढतात. शिवाय आतलं थोडं पोटॅशियम झिरपून बाहेर जातच असतं. या सगळ्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. हा विजेचा दाब एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढाही नसतो, आणि तेवढ्यावर आपलं हृदय जन्मभर चालतं. दर वर्षी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. पोरं जांभया देतात, तो त्यांचा प्रश्न.

पंप समजवायला मी उदाहरण द्यायची ते बाबांचं. माझे वडील मिरकरवाड्याच्या बंदरात तांडेल होते, बोटीची आणि खलाशांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, बोटीत पाणी शिरलं तर? ते म्हणाले, "शिरणारच गो. आपण उपसत राहायचा." फळ्यासमोर उभी राहून मी हे वाक्य इतक्यांदा वापरलंय की ते आता माझंच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची किडनी कमजोर झाल्याचं निघालं. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. डॉक्टरांनी पथ्याचा छापील कागद दिला. पहिली ओळ होती, मीठ कमी. ती वाचून मी कागदाची घडी घातली आणि फ्रिजवर ठेवून दिली. बाकी मला काय सांगणार हे लोक, मी हेच शिकवते. घरातलं लोणचं गेलं, पापड गेले, खारा बांगडा गेला. जन्मभर खाऱ्या वाऱ्यात राहिलेला माणूस अळणी पेज समोर घेऊन बसायचा आणि माझ्याकडे अशी नजर टाकायचा की मी स्वयंपाकघरात निघून जायची.

बंदरावर बातमी पसरल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत, शहाळी नेतात. बाबांच्या बोटीवरचा जुना इंजिनवाला तर रिक्षाच्या मागच्या सीटवर अख्खा घड घालून आला आणि म्हणाला, "तांडेल, हे पिऊन बघा, थंडावा येईल." मागच्या दारी ढीग लागला. शहाळ्यात मीठ नाही, पाणी निर्मळ, आणि अळणी जेवणावर बिचाऱ्यांना तेवढीच चव. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी कोयत्याने एक शहाळं फोडून त्यांच्या हातात द्यायची. कोयता मला चांगला चालवता येतो, त्याचाही थोडा तोरा होताच.

मग बाबा म्हणायला लागले, पायात बळ नाय. आधी जिना नको झाला, मग अंगणही. मला वाटलं, अळणी खाऊन अशक्तपणा आलाय. मी दोन शहाळी द्यायला लागले. एक सकाळी, एक कॉलेजातून आल्यावर. आता लिहितानासुद्धा माझी मलाच चीड येते. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर, हे मी परीक्षेत एका गुणाला विचारलेलं आहे. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. बाबांची चांगली नव्हती. ते रक्तात साठत होतं, पेशीच्या आतबाहेरचा तो दाब उतरत होता, आणि दाब उतरला की सोडियमला आत घेणारी पटलातली दारं अडकतात, स्नायूला निरोपच पोचत नाही. मी ज्याला अशक्तपणा म्हणत होते तो माझाच धडा होता, आणि मी त्याला नारळपाणी पाजत होते.

एका सकाळी ते खाटेवरून उठेनात. रिक्षावाल्याने आणि मी धरून त्यांना हॉस्पिटलात नेलं. कार्डिओग्राम काढायला एक सिस्टर आली. देवरूखकडची, पन्नाशीची, बोलणं तुटक. म्हणाली, "आजोबा, सदरा काढा." बाबांची बोटं बटणावर नुसतीच फिरत राहिली. तिने क्षणभर पाहिलं, स्वतःच बटणं सोडवली आणि तारा लावल्या. कागद यंत्रातून बाहेर यायला लागला तसा तिचा हात थांबला. ठोके फारच संथ होते आणि प्रत्येक ठोक्यामागची लाट उंच, टोकदार. मी पुस्तकात ते चित्र शंभरदा पाहिलं असेल. वडिलांच्या छातीतून निघालेलं मला ओळखता आलं नाही. तिला आलं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी तिने डॉक्टरांना हाक मारली, "सर, आधी इकडे या. पोटॅशियम वाटतंय."

डॉक्टर आले, भराभर औषधं सांगायला लागले. सुई टोचता टोचता सिस्टरने विचारलं, "आजोबा, शहाळं पिता का?"

बाबांची जीभ जड झाली होती, तरी ते म्हणाले, "पितो. रोज दोन. मीच फोडतो कोयत्याने. ही नको म्हणते, मी ऐकत नाय हिचा."

डॉक्टरांनी मान हलवली. सिस्टरने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कागदावर लिहून घेतलं. मी, एवढी शिकलेली बाई, वडिलांच्या खोट्याआड उभी.

आधी कॅल्शियम दिलं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाच्या पेशींचं पटल सावरून धरलं जातं. मग साखरेच्या पाण्याबरोबर इन्सुलिन. बाबांना मधुमेह नाही, पण इन्सुलिनने ते पंप जोर धरतात आणि रक्तातलं पोटॅशियम पेशीच्या आत ओढून घेतात. हे मला पाठ होतं. डोळ्यांनी बघणं वेगळं. दर थोड्या वेळाने सिस्टर नवा कागद काढून आधीच्याशेजारी धरायची. लाटांची टोकं बसत गेली, ठोके जवळ आले. बाबांच्या अंगात कोट्यवधी पंप एका वेळी राबत होते आणि खोलीत त्याचा आवाजसुद्धा नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती भीतीने आणि किती कौतुकाने, मला सांगता येणार नाही.

दुपारी बाबांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे उपसायचा पंप बंद पडत आला होता, तो यांनी चालू केला." मी हो म्हटलं. "हुशार आहे बाई," ते सिस्टरकडे बघून म्हणाले. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढचे दिवस लघवीची औषधं, पोटॅशियम बाहेर काढणारी पूड, परत परत रक्ततपासणी. पाचव्या दिवशी बाबा स्वतः चालत बाथरूमला जाऊन आले. घरी सोडायचं ठरलं तेव्हा मला राहवेना. सिस्टर औषधांच्या गोळ्या मोजत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी बाबा खोटं बोलले. शहाळी मी देत होते. रोज, माझ्या हाताने. मी हेच शिकवते कॉलेजात."

तिने मान वर केली नाही. "ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "त्यांना सदऱ्याचं बटण सुटत नव्हतं. कोयता कसला उचलतायत ते?"