शेजारच्या ताटातलं मीठ

जिथे बोलायची मुभा असते तिथे गोष्टी बोलून संपून जातात. जिथे निम्मा दिवस मौन, तिथे त्या साठत राहतात हो! आमच्या मठात इतके किस्से साठलेत की विचारू नका. ऑफिस मी सांभाळते, म्हणून फाइलींबरोबर तेही माझ्याच कपाटात येऊन पडलेत.

मठ म्हणजे ख्रिस्ती मठ. पुढे अँग्लिकन वळणाचं चर्च, मागे एक बसकं घर, त्यात तीन सिस्टर. मदर, वय एक्क्याऐंशी. सिस्टर एस्तर, म्हणजे स्वयंपाकघर. सिस्टर ग्रेस, म्हणजे बाग, मोपेड आणि बाहेरचं सगळं जग. मी राजेश्वरी, इथल्या मराठा राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीतली, हिंदू, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी मला वडिलांनी छडी घेऊन शिकवली. माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर तमिळमध्ये देते. मठातली माणसंही तमिळच बोलतात, मी आपलं मराठीत सांगतेय.

नोकरीसाठी गेले तेव्हा मदरनी दोनच प्रश्न विचारले. "टायपिंग येतं? आणि गप्प बसता येतं?"

मी म्हणाले, "टायपिंग येतं."

"एक तरी येतं," म्हणाल्या, आणि ठेवून घेतलं. त्याला तेवीस वर्षं झाली.

*

पहिल्याच दिवशी साडेबाराला घंटा झाली आणि मला जेवायला बसवलं. लांब टेबल, सगळ्या एका बाजूला ओळीनं. एक सिस्टर उभी राहून पुस्तक वाचणार, बाकीच्यांनी ऐकत मुकाट जेवायचं. एस्तरनं माझ्या ताटात भात वाढला आणि पुढे गेली. सांबार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला! मी वाट बघतेय. पुस्तकातले संत वाळवंटातून चाललेत आणि मी कोरडा भात चिवडतेय.

जेवण झाल्यावर ग्रेसनं नियम सांगितला. स्वतःसाठी काही मागायचं नाही. शेजारणीच्या ताटाकडे लक्ष ठेवायचं, तिला काय कमी आहे ते बघायचं, तिच्या ताटाकडे बोट करून तिच्यासाठी मागायचं. मूठभर खुणा आहेत. चिमूट चोळली की मीठ, ओंजळ केली की सांबार.

"मग माझ्यासाठी कुणी का नाही मागितलं?" मी विचारलं.

ग्रेस ओशाळली. "तुझ्या शेजारी मी होते. गोष्टीत रमले होते गं."

घरी जाऊन सासूबाईंना हे सांगितलं. सून स्वतःसाठी काही मागत नाही आणि जेवताना अवाक्षर बोलत नाही, अशी ही नोकरी! त्यांनी निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाल्या, "ही नोकरी सोडू नकोस, राजी."

*

एकदा पुण्याचे एक संशोधक पाहुणे म्हणून उतरले. दिवसभर राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुने मोडी कागद बघायचे आणि दुपारी मठात जेवायचे. माझं मराठी ऐकून इतके खूश झाले की मलाही एखादा कागद समजून उलटून बघतील असं वाटायला लागलं. पहिल्या दिवशी मौनात त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "जरा ती पोरियलची भाजी वाढा!" ग्रेसचं वाचन थांबलं. एस्तरच्या हातातला डाव थांबला. मी त्यांना बाहेर नेऊन नियम समजावला.

नियम त्यांना फार आवडला. "हे आपल्या समाजात आलं पाहिजे," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

महिन्यानं त्यांचं पत्र आलं. "घरी प्रयोग करून पाहिला. तीन दिवस आमटी मिळाली नाही. चौथ्या दिवशी मागितली."

*

मदर कॉफी बिनसाखरेची घेतात, हे मठातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ, अकरा वर्षं. ग्रेस स्वतः मधुमेही. तिची डिकॉक्शनवाली कडू कॉफी आणि मदरची कॉफी एकाच भांड्यातून यायची.

एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमधल्या एका बाईंनी सगळ्यांबरोबर मदरच्या हातातही गोड कॉफीचा ग्लास ठेवला. मदरनी घोट घेतला. डोळे मिटले. आम्हाला वाटलं, चक्कर आली! ग्रेस धावली.

मदर डोळे न उघडता म्हणाल्या, "अजून अशीच करतात होय!"

"अय्यो! तुम्हाला साखर चालते?" ग्रेस रडकुंडीला आली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," मदर म्हणाल्या.

शुक्रवारी तिघी एकत्र बसून आपापल्या चुका मोठ्यानं कबूल करतात. त्या शुक्रवारी ग्रेसनं अकरा वर्षांची साखर कबूल केली. तेव्हापासून मदरच्या ग्लासात ती स्वतःच्या हातानं साखर घालते. तीन चमचे, शिगोशीग! ती कॉफी मला एकदा प्यावी लागली, दात शिवशिवले. मदर मुकाट पितात. कमी घाल म्हणायचं, तर तेही स्वतःसाठी मागणंच झालं.

*

सुगीच्या सणाला चर्चमध्ये लोक आपल्या शेतातलं, परसातलं काय काय आणून वाहतात. केळीचे घड, भोपळे, नारळ. प्रार्थनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एका वर्षी ओरत्तनाडूच्या एका शेतकऱ्यानं कोंबडा वाहिला. लिलावात तो एका बाईंनी घेतला आणि मोठ्या प्रेमानं मठाला दिला, रविवारच्या जेवणासाठी.

एस्तर मासे कापताना पापणी लववत नाही. पण कोंबड्यानं तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि झालं! कोंबडा बागेत राहिला. मठात सकाळच्या न्याहारीपर्यंत कडक मौन असतं, आणि हा पठ्ठ्या चारपासून बांग द्यायचा. एका पाहुणीनं तक्रार लिहून दिली. मदरनी खाली उत्तर लिहिलं, "त्यानं व्रत घेतलेलं नाही."

खरी अडचण पास्टरसाहेबांची झाली. बायबलमध्ये एक शिष्य खोटं बोलतो आणि कोंबडा आरवतो, ही गोष्ट चर्चमधल्या लहान पोरालाही पाठ. पास्टर प्रवचनात म्हणाले, "मी तर तुमच्या घरोघरी नेमानं येतोच."

बागेतून बांग आली.

आधी मागच्या बाकावरून एक खोकला ऐकू आला, मग सगळं चर्च खोकायला लागलं. पास्टर शांतपणे पुढचं वचन वाचायला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांची मोटरसायकल गल्लीगल्लीतून दिसायला लागली. पार पापनाशम गावी राहायला गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडेही ते जाऊन आले. कोंबड्याला तेव्हापासून कुणी नावं ठेवत नाही.

*

आता शेवटचा सांगते. हा सांगताना मला अजून धड बसवत नाही.

मागच्या वर्षी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. तीनच सिस्टर उरल्यात, तिघींची वयं झालीत, तर मठ बंद करून त्यांना लांब शहरातल्या वृद्धाश्रमात हलवावं का, ते ठरवायला कमिटी येणार. तिघींशी बोलून, प्रत्येकीचं म्हणणं कागदावर घेऊन जाणार. पत्र मीच उघडलं, मीच वाचून दाखवलं. मदर म्हणाल्या, "पाहुणे किती? एस्तरला तांदूळ भिजवायला सांग."

कमिटी आली. तिघे जण. चेअरमन निवृत्त इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कमी बोलणारे. माणूस वाईट नव्हता हो, कागदावर चालणारा होता. त्यांनी एकेकीला ऑफिसात बोलावलं. मी टाइप करायला बसले. फॉर्मवर एक रकाना होता, "अर्जदाराची स्वतःची मागणी".

पहिल्या मदर. त्या म्हणाल्या, "एस्तरला हलवू नका. तिला त्या चुलीशिवाय झोप लागायची नाही."

"आणि तुमची मागणी?"

"माझी काही नाही."

एस्तर आली. "मदरना हलवू नका, सर. बावन्न वर्षं त्या एकाच खिडकीपाशी प्रार्थना करतात. आता नव्या भिंतीकडे बघून काय बोलतील?" आणि तिची स्वतःची? "मला काय पाहिजे? काही नको."

ग्रेस म्हणाली, त्या दोघींची ताटातूट करू नका. आपल्याला कुठेही टाका, बाग सगळीकडे असते.

तीन फॉर्म, तीन रकाने. तिन्ही ठिकाणी मला टाइप करावं लागलं, "निल".

चेअरमननी तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "कुणाचीच काही मागणी दिसत नाही. मग काम सोपं आहे."

मी स्वयंपाकघरात धावले. "एस्तर अक्का, जाऊन सांगा ना त्यांना, आम्हाला इथेच राहायचंय म्हणून!"

"स्वतःसाठी मागू? या वयात?" एस्तरचे डोळे भरलेले होते आणि हात सांबारात चालला होता. "आणि राजी, मठ बंद झाला तर तुझं काय गं?"

"माझं राहू द्या," मी म्हणाले. खरं सांगते, रात्रंदिवस मला तोच घोर होता. एक्कावन्न वर्षांच्या बाईला टायपिंगची नोकरी कोण देणार? पण हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं?

साडेबाराला घंटा झाली. टोकाला मदर, त्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडे चेअरमन, मग कमिटीतले बाकीचे दोघे. ग्रेसनं सगळ्यांना नियम सांगितला आणि वाचायला उभी राहिली. एस्तरनं वाढलं. पहिलाच घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं, सांबारात मीठ नाही! घाबरलेल्या एस्तरनं मीठ घातलंच नव्हतं. कमिटीनं एकदा सांबाराकडे बघितलं, एकदा पुस्तकाकडे, आणि अळणी भात गिळायला लागली.

मी मदरच्या ताटाकडे बघितलं. शेजारणीला काय कमी आहे ते बघायचं, हा नियम. तेवीस वर्षं मी बघत आले. आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी मौन मोडलं.

"सर," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "मदरना इथेच राहायचंय. त्या मागणार नाहीत. इथे कुणी स्वतःसाठी मागत नाही. त्यांच्या शेजारी मी बसलेय, म्हणून मी मागतेय."

ग्रेसचं वाचन थांबलं. एस्तर दारात तशीच उभी. चेअरमननी माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं.

मदरनी ओठांवर बोट ठेवलं. आधी माझ्याकडे बघून, मग त्यांच्याकडे बघून. आता मला शिक्षा होणार, असं वाटलं. पण त्या पुढे वाकल्या, मला ओलांडून चेअरमनच्या ताटाकडे बोट केलं आणि चिमूट चोळली.

एस्तर मीठ घेऊन धावली. चेअरमननी मीठ घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला. मग हातातला घास खाली ठेवून ते मदरच्या ताटाकडे बघत राहिले. चांगला मिनिटभर. मग त्यांनी मदरच्या ताटाकडे बोट केलं, आणि अगदी अवघडून, दोन बोटं एकमेकांवर चोळली.

ग्रेस पुढचं वाचायला लागली.

जेवणं झाली, प्रार्थना झाली. चेअरमन ऑफिसात आले आणि म्हणाले, "ते तीन फॉर्म द्या. आणि सकाळी कोण काय म्हणालं, ते परत वाचा."

मी वाचलं. एस्तर बोलली होती ते त्यांनी मदरच्या फॉर्मवर लिहिलं. मदर बोलल्या होत्या ते एस्तरच्या. मग ग्रेसच्या फॉर्मवर येऊन थांबले. तिच्यासाठी सकाळी कुणीच काही बोललं नव्हतं. दारातून मदरचा आवाज आला, "तिनं जाईचा वेल लावलाय. फुलं यायची आहेत अजून." त्यांनी तेही लिहिलं. तिन्ही ठिकाणी "निल" खोडलं. वर छापलेला "स्वतःची" हा शब्दही खोडला, आणि त्याच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "शेजाऱ्याची".

कागद फाइलीत घातले, पेनचं टोपण लावलं, उठले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"बाई, जेवताना तुमच्या एका बाजूला मदर होत्या. दुसऱ्या बाजूला कोण होतं?"

"तुम्हीच होता, सर."

ते परत येऊन बसले. एक कोरा फॉर्म पुढे ओढून त्यांनी पेनचं टोपण काढलं.